परक्या गाण्याचा हेल: ह्यू लॉरीचा अभिनय आणि पियानो

'हाऊस' ही मालिका पाहिलेल्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. तो लंगडत चालणारा खडूस डॉक्टर रात्री घरी एकटाच पियानोवर बसतो, ते वाजवणं त्या नटाचं स्वतःचं की कॅमेरा युक्तीनं हातांवरून चेहऱ्यावर नेलेला? वाजवणं त्याचंच. ह्यू लॉरी लहानपणापासून पियानो वाजवतो. मालिका जोरात चालू असतानाच, २०११ मध्ये, त्यानं 'लेट देम टॉक' नावाचा आल्बम काढला आणि तो ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्यात त्याची स्वतःची गाणी नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेतली, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरातली, जुनीपुराणी गाणी होती.

आपल्याला यात वावगं काही वाटणार नाही. संगीत नाटकांच्या काळात गाता न येणारा नट उभाच राहू शकत नव्हता, आणि बालगंधर्व मोठे नट की मोठे गायक यावर वाद घालणाऱ्यांनाही ते दोन्ही होते हे मान्यच असायचं. पण इंग्लंड-अमेरिकेत टीव्हीवरच्या प्रसिद्ध नटानं आल्बम काढला की लोक आधी भुवई उंचावतात आणि मग ऐकतात. ते गाणं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं दुःखाचं गाणं, असेल तर भुवई आणखी वर जाते. लॉरीला हे पक्कं ठाऊक होतं. आल्बमसोबतच्या टिपणात त्यानं स्वतःच लिहून टाकलं की नटांनी अभिनय करावा आणि वादकांनी वाजवावं हा नियम आपण मोडतो आहोत, आणि आपला जन्म काही १८९० च्या दशकात दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात झालेला नाही.

एवढी सफाई द्यावी लागावी असं त्या गाण्यात काय आहे? ते समजायला आधी हा माणूस कुठून आला ते पाहू आणि मग गाण्याकडे वळू. गाण्याकडे जरा जास्त वेळ थांबावं लागेल.

जन्म १९५९, ऑक्सफर्ड. वडील डॉक्टर, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नौकानयनात सुवर्णपदक मिळवलेले. शाळा खानदानी पोरांची ईटन, पुढे केंब्रिज. म्हणजे ब्लूजपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. पोरगाही वल्हं मारण्यात पटाईत होता. ऑक्सफर्ड विरुद्ध केंब्रिज ही थेम्स नदीवरची वार्षिक बोटशर्यत तो १९८० मध्ये केंब्रिजकडून खेळला आणि अगदी थोडक्यात हरला. दरम्यान ग्लँड्युलर फीव्हर नावाच्या, अंगातली ताकद महिनोन्महिने शोषून घेणाऱ्या तापानं त्याला वल्हं खाली ठेवायला लावलं होतं. त्या रिकामपणात तो विद्यापीठाच्या 'फुटलाइट्स' या नाट्यमंडळात शिरला. तिथे पुढे मोठी नटी झालेली एमा थॉम्प्सन होती. तिनं त्याची स्टीफन फ्रायशी, म्हणजे पुढच्या विनोदी जोडीदाराशी, गाठ घालून दिली. या मंडळींचा 'द सेलर टेप्स' हा प्रयोग १९८१ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात गेला आणि त्याच वर्षी सुरू झालेलं विनोदी प्रयोगांचं पेरियर पारितोषिक घेऊन आला.

पुढची पंधरा-वीस वर्षं ब्रिटिश प्रेक्षकांसाठी लॉरी म्हणजे उंच, बटबटीत डोळ्यांचा, खानदानी मूर्ख. 'ब्लॅकॲडर' या विनोदी मालिकेतला बिनडोक राजपुत्र जॉर्ज, पहिल्या महायुद्धाच्या खंदकातला तितकाच भाबडा लेफ्टनंट जॉर्ज, आणि १९९० ते १९९३ या काळात 'जीव्ज अँड वूस्टर'मधला बर्टी वूस्टर. पी. जी. वुडहाऊस मराठी घरांतही पुष्कळ वाचला गेला आहे, त्यामुळे बर्टीची ओळख करून देत नाही. मालिकेत बर्टी मधूनच पियानोवर बसतो आणि १९२०-३० च्या दशकांतली अमेरिकन नाचगाणी म्हणतो, शेजारी त्याचा नोकर जीव्ज चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता उभा. ते वाजवणंही लॉरीचंच होतं. म्हणजे 'हा माणूस संगीतात नंतर आला' हे विधान मुळातच अर्धवट आहे.

याहून महत्त्वाचं साहित्य मात्र 'अ बिट ऑफ फ्राय अँड लॉरी' या प्रहसनमालिकेत सापडतं. १९८९ ते १९९५ या काळात ती बीबीसीवर होती. लॉरी तिच्यात विनोदी गाणी करायचा. त्यातलं 'मिस्टरी' हे एक पाहा. हॉटेलातल्या मंद दिव्यांखाली पियानोवर बसून उसासे टाकत गाणारा एक गायक. चाल अचूक, स्वर अचूक, डोळे मिटणं अचूक, आणि शब्द हळूहळू वेडगळ होत जातात. 'अमेरिका' नावाच्या दुसऱ्या गाण्यात तर देशाच्या नावापलीकडे शब्दच जवळपास नाहीत. विडंबनात गंमत अशी की नक्कल नव्वद टक्के जमून चालत नाही. शंभर टक्के जमली तरच हसू येतं, नाहीतर तो नुसता वाईट गाणारा माणूस वाटतो. लॉरीचा कान किती तयार होता याचा पुरावा मला त्याच्या आल्बमपेक्षा या फालतू गाण्यांत जास्त दिसतो.

मालवणी किंवा वऱ्हाडी बोलून दाखवणारे मित्र आपल्या सगळ्यांना असतात. बहुतेकांना शब्द येतात. हेल येत नाही. कुठला स्वर लांबवायचा, वाक्याच्या कुठल्या टोकाला आवाज वर न्यायचा, कुठे घाई करायची आणि कुठे रेंगाळायचं, हे सगळं हेलात असतं आणि ते लिहून देता येत नाही. ज्याला ते पकडता येतं त्याला शब्द थोडे चुकले तरी गावातला माणूस गावचा समजतो. लॉरीच्या सगळ्या कारकिर्दीकडे मी या एका नजरेनं पाहतो: दुसऱ्याचा हेल पकडण्यात हा माणूस विलक्षण आहे.

२००४ मध्ये त्याची परीक्षाच झाली. तो नामिबियात एका सिनेमाच्या चित्रीकरणात होता. अमेरिकेतल्या नव्या मालिकेसाठी चाचणीची चित्रफीत पाठवायची होती आणि पुरेसा उजेड काय तो हॉटेलच्या न्हाणीघरात, म्हणून ती तिथेच चित्रित झाली. दाढी वाढलेली, अवतार विस्कटलेला. ती पाहून निर्माते-दिग्दर्शक ब्रायन सिंगर म्हणे खूश झाले, की बघा, असा अस्सल अमेरिकन नट हवा! हा इंग्रज आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. 'हाऊस' आठ पर्वं चालली, १७७ भाग झाले, आणि लॉरीला दोन गोल्डन ग्लोब मिळाले.

ही प्रसिद्धी नसती तर वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीनं पन्नाशीतल्या इंग्रज नटाशी ब्लूजच्या आल्बमचा करार केला असता का? अजिबात नाही. ते झाकायचंही कारण नाही.

आता गाणं.

ब्लूज ऐकायला अवघड वाटत असेल तर त्याचा सांगाडा एकदा समजून घ्या, पुढे कान आपोआप वाट काढतो. चार मात्रांचं एक घर धरा. अशी बारा घरं म्हणजे एक आवर्तन. पाश्चात्त्य संगीतात तीन-चार स्वर एकदम दाबून त्यांचा एक गठ्ठा करतात, त्याला कॉर्ड म्हणतात. बारा घरांपैकी पहिली चार 'सा'वर उभ्या केलेल्या कॉर्डमध्ये जातात. पुढची दोन 'म'च्या, मग दोन परत 'सा'च्या. नववं घर 'प'चं, दहावं 'म'चं, आणि अकरावं-बारावं पुन्हा घरी, 'सा'वर. यात फेरफार हजार होतात, पण पायवाट हीच.

शब्दही याच पायवाटेनं चालतात. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. मराठीत करून पाहू:

पाऊस आला रात्री, छप्पर गळलं बाई,
अगं पाऊस आला रात्री, छप्पर गळलं बाई,
भांडी मांडून दमले, आता भांडं उरलं नाही.

पहिली ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा खालची कॉर्ड बदललेली असते. शब्द तेच, पण पायाखालची जमीन सरकलेली. तिसरी ओळ कडवट किंवा मिश्कील, बऱ्याचदा दोन्ही. गायक प्रत्येक ओळीसाठी मिळालेली चार घरं पूर्ण भरत नाही. अडीच-तीन घरांत ओळ संपवून थांबतो, आणि उरलेल्या जागेत गिटार किंवा पियानो उत्तर देतो. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या कानांना हे सांगायलाही नको.

हेल कुठे आहे? एक हेल आहे गंधारात. ब्लूज गाणारे कोमल आणि शुद्ध गंधार यांच्या मधला, दोन्हींत न बसणारा स्वर लावतात. गळ्यातून तो येतो, गिटारच्या तारेवर बोट ओढून येतो. पियानोवर काय करणार? तिथे मधली पट्टीच नाही. घरी पेटी असेल तर करून बघा. पांढरी एक 'सा' धरा. कोमल गंधार काळी दोन, शुद्ध गंधार पांढरी तीन. बोट काळी दोनवर ठेवून चटकन खाली पांढरी तीनवर घसरू द्या, दोन्ही स्वर जवळपास एकदमच वाजतील इतक्या घाईनं. कानाला एक चिरडलेला, ओला आवाज येतो. मधला स्वर मिळत नाही, पण मिळाल्याचा भास होतो. ब्लूज वाजवणाऱ्या पियानोवादकांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची लबाडी आहे. आमच्या पेटीवर मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आतल्या खोलीतून विचारणा झाली, की पट्टी अडकली का.

दुसरा हेल आहे डाव्या हातात, आणि न्यू ऑर्लिन्स इतर ठिकाणांपेक्षा वेगळं होतं ते तिथे. मिसिसिपी नदी समुद्राला मिळते तिथलं हे बंदर. १७१८ मध्ये फ्रेंचांनी वसवलं, मग ते स्पॅनिश सत्तेत गेलं, आणि १८०३ मध्ये अमेरिकेनं विकत घेतलं. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना या शहरात रविवारी काँगो स्क्वेअर नावाच्या मोकळ्या जागेत जमून ढोल वाजवायची आणि नाचायची मुभा होती. अमेरिकेच्या बहुतेक भागांत गुलामांना ढोल बाळगायलाही बंदी असताना ही फार मोठी गोष्ट होती. शिवाय आखात ओलांडलं की क्यूबाची हवाना. जहाजं ये-जा करत आणि त्यांच्याबरोबर ठेके.

त्यातला एक ठेका टेबलावर वाजवता येईल. उजव्या हाताच्या बोटांनी सारख्या आठ मात्रा मोजत राहा, कहरव्यासारख्या. डावा हात त्या आठांचे तुकडे तीन, तीन आणि दोन असे पाडू दे. म्हणजे डावी थाप पहिलीवर, चौथीवर आणि सातवीवर. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. पहिल्या दोन मिनिटांत दोन्ही हात भांडतात. मग अचानक जमतं आणि मान आपोआप डोलायला लागते. आपल्याकडे सोप्या कामाला डाव्या हाताचा मळ म्हणतात. न्यू ऑर्लिन्सचा पियानो शिकणाऱ्यासमोर तसं म्हणू नये.

जेली रोल मॉर्टन हा या शहराचा जुना पियानोवादक. १९३८ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी अ‍ॅलन लोमॅक्स यांनी त्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा त्यानं हाच ठेका वाजवून दाखवला आणि त्याला स्पॅनिश छटा म्हटलं. ती नसेल तर जॅझला हवा तसा मसाला लागणारच नाही, अशा अर्थाचं तो बोलला. मसाल्याची उपमा त्याचीच आहे, मी पदरची घातलेली नाही.

या वाटेवरचा पुढचा माणूस लॉरीचं दैवत. हेन्री रोलँड बर्ड, जन्म १९१८, टोपणनाव प्रोफेसर लाँगहेअर. पट्ट्या गेलेल्या मोडक्या पियानोवर तो शिकला असं सांगतात. डाव्या हातात क्यूबाचा रुंबा, उजव्या हातात ब्लूजचे झरझर उतरणारे स्वर, आणि वर फाटत-फाटत वर जाणारा गळा. वाजवताना तो पियानोच्या लाकडाला पायानं लाथा मारून ठेका धरायचा. १९५३ चं 'टिपिटिना' हे त्याचं गाणं. त्यानं पैसे मिळाले नाहीत. साठच्या दशकात हा माणूस एका रेकॉर्डच्या दुकानात झाडू मारत होता. १९७१ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या महोत्सवाच्या मंडळींनी त्याला शोधून मंचावर आणलं, मग जेमतेम नऊ वर्षं मानाची मिळाली. १९८० च्या जानेवारीत तो गेला. केंब्रिजचा एक पोरगा त्या दिवसांत थेम्स नदीवरच्या शर्यतीची तयारी करत होता.

ब्लूज परक्यानं गावं की नाही, या प्रश्नाच्या मुळाशी लाँगहेअरच्या हातातला तो झाडू आहे. ही गाणी ज्यांनी घडवली त्यांच्या पदरात फार थोडं पडलं. त्यांची गाणी उचलून गाणाऱ्या गोऱ्या गायकांनी, त्यात ब्रिटिश पोरं पुष्कळ, मोठमोठी घरं बांधली. म्हणून कोणी गोरा, श्रीमंत, ईटनमध्ये शिकलेला माणूस ब्लूज गायला लागला की विचारणारा विचारतो, हे दुःख तुझं का? प्रश्न रास्त आहे. पण अस्सल आणि नकली यांच्यामधली रेघ वाटते तितकी सरळ नाही, आणि लॉरीच्या स्वतःच्याच एका आठवणीत त्याचा पुरावा आहे.

तो सांगतो, सहा वर्षांचा असताना पियानोची शिकवणी लावली होती. पुस्तकात एकच गाणं त्याला हवंहवंसं वाटायचं: 'स्वानी रिव्हर'. त्यावर काळ्या लोकांचं भक्तिगीत, किंचित उलट्या ठेक्यात, असं काहीसं छापलेलं. शिकवणाऱ्या बाईंनी नाक मुरडून पान उलटलं. थोड्याच दिवसांत शिकवणी सुटली, आणि पुढचं सगळं तो कानानं शिकला.

गंमत पुढे आहे. 'स्वानी रिव्हर' हे काळ्या लोकांचं भक्तिगीत नाहीच. ते १८५१ मध्ये स्टीफन फॉस्टर या पिट्सबर्गच्या गोऱ्या गीतकारानं लिहिलं, मूळ नाव 'ओल्ड फोक्स अ‍ॅट होम'. लिहिलं ते तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या मंडळीसाठी. त्या मंडळीच्या मालकानं, ई. पी. क्रिस्टीनं, पैसे मोजून स्वतःचंच नाव वर छापून घेतलं. फ्लोरिडातल्या नदीचं नाव फॉस्टरनं नकाशात शोधून चालीत बसेल असं कापून घातलं. म्हणजे इंग्लंडमधल्या पोराला जे अस्सल वाटलं ते नकलेसाठी लिहिलेलं गाणं होतं. आणि तरी त्याच गाण्याला पुढे रे चार्ल्ससारख्यानं आपल्या पद्धतीनं घोळवलं, तेव्हा ते पुन्हा काळ्या गळ्यात आलं. या गाण्याचा मालक कोण, हे कुठल्या कोर्टात ठरवणार?

लॉरीनं ते गाणं आल्बमात घेतलं आहे. संथ सुरू करतो आणि मध्येच बुगी या ब्लूजच्या नाचऱ्या प्रकाराच्या धावत्या लयीत उडी मारतो.

'लेट देम टॉक' केला तो जो हेन्री या निर्मात्याबरोबर. आल्बममधली पाहुणे मंडळी पाहिली की लॉरीनं केवढी काळजी घेतली ते कळतं. पितळी वाद्यांची जुळणी अ‍ॅलन टूसाँ यांची. १९३८ चा जन्म, न्यू ऑर्लिन्सच्या निम्म्या लोकप्रिय गाण्यांमागे यांचा हात. 'आफ्टर यू'व्ह गॉन' गायला डॉ. जॉन. हे मुळात गिटारवादक. १९६० च्या सुमारास एका भांडणात बोटाला गोळी लागली आणि पियानोकडे वळावं लागलं. 'जॉन हेन्री' या गाण्यात अर्मा थॉमस, सोल या गायनप्रकारातली त्या शहराची सम्राज्ञी. शिवाय वेल्सचे टॉम जोन्स. ज्यांच्या घरची गाणी म्हणायची त्यांनाच घरात बोलवायचं, असा हिशेब. यात थोडी शहाणी सावधगिरी आहे असंही म्हणता येईल, की टूसाँ शेजारी बसले असताना कोण बोट दाखवणार? मला त्यात चूक दिसत नाही. परक्या गावात जाताना ओळखीचा माणूस बरोबर घ्यावा.

पहिलंच गाणं 'सेंट जेम्स इन्फर्मरी'. रुग्णालयात आपल्या प्रेयसीचं शव पाहायला गेलेल्या माणसाचं हे जुनं लोकगीत, लुई आर्मस्ट्राँगनं १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं. लॉरी लगेच गायला लागत नाही. बराच वेळ नुसता पियानो. घुटमळतो, थांबतो, एखादा स्वर चिरडतो, पुन्हा मागे फिरतो, दाराशी येऊन आत जायला न धजणाऱ्या माणसासारखा. इतका वेळ घेतल्यावर ठेका सुरू होतो आणि मग शब्द. इथे नट आणि वादक वेगळे काढता येत नाहीत. विराम कुठे घ्यायचा हे त्याला रंगभूमीनं शिकवलं आहे, आणि तो कसा भरायचा हे न्यू ऑर्लिन्सनं.

आणि गाणं? माझं मत स्पष्ट सांगतो: पियानोचा हेल त्यानं पकडला, गळ्याचा अर्धाच. आवाज बरा आहे, सुरात आहे, भूमिकेत शिरलेला आहे. अडचण हीच की तो भूमिकेत शिरलेला ऐकू येतो. गोष्ट सांगणारी गाणी त्याला शोभतात, कारण तिथे तो निवेदक होतो. गाणं जिथे गोष्ट सोडून नुसतं कण्हायला लागतं, तिथे मात्र तो शब्द जपत राहतो.

त्याच्याही हे लक्षात आलं असावं असं मला २०१३ च्या 'डिडन्ट इट रेन' या दुसऱ्या आल्बमवरून वाटतं. कॉपर बॉटम बँड हे त्याच्या वाद्यवृंदाचं नाव. यात त्यानं बरीच गाणी दुसऱ्यांच्या गळ्यात दिली आहेत: ग्वाटेमालाची गॅबी मोरेनो, जीन मॅक्लेन, ताज महल. हो, ताज महल हे एका थोर अमेरिकन ब्लूज गायकाचं नाव आहे. लॉरी स्वतः पियानोवर मागे सरकून बसतो. याच आल्बमात डब्ल्यू. सी. हँडी यांचं १९१४ चं 'सेंट लुइस ब्लूज' आहे. टेबलावर वाजवलेला तो तीन-तीन-दोनच्या घराण्यातला ठेका हँडींनी या गाण्याच्या मधल्या भागात घातला होता. गॅबी मोरेनोबरोबरचं 'किस ऑफ फायर' तर सरळ टँगोच आहे, अर्जेंटिनाच्या 'एल चोक्लो' या धुनेवर बेतलेलं. पहिल्या आल्बमपेक्षा हा कमी गाजला. मला जास्त आवडतो.

अभिनय त्यानं सोडला नाही. 'द नाइट मॅनेजर'मधल्या शस्त्रांच्या व्यापाऱ्यासाठी त्याला पुढे आणखी एक गोल्डन ग्लोब मिळाला, २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारनं सीबीई हा किताब दिला. त्यामुळे 'अभिनयाकडून संगीताकडे' असा बाणही काढू नये. दोन्ही कामं शेजारी-शेजारी चालली.

ऐकायला सुरुवात कुठून करावी असं कोणी विचारलं तर मी 'टिपिटिना' दोनदा ऐकायला सांगतो. आधी लाँगहेअरचं, मग लॉरीचं. त्या गाण्याच्या बऱ्याचशा शब्दांना अर्थच नाही, नुसत्या ध्वनींचा खेळ आहे. लाँगहेअर ते ध्वनी तोंडातल्या तोंडात चघळतो, मध्येच गळा फुटून वरच्या पट्टीत जातो आणि खाली येताना कुठे उतरेल याचा नेम नसतो. लॉरीचं ऐकताना आधी हातांकडे लक्ष द्या: डावा हात मुळीच घाई करत नाही, उजवा हात सैल, आणि हे वाजवणारा माणूस ऑक्सफर्डमध्ये जन्मला हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. मग तो गायला लागतो, आणि त्या निरर्थक अक्षरांतलं प्रत्येक अक्षर स्वच्छ, सुटं, नीट ऐकू येतं.